मसाज कुठला, कुणासाठी, किती? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडवर काय किंवा वाशी-खारघरच्या सेक्टरांमध्ये काय, मसाजच्या पाट्या आता पावलोपावली दिसतात: स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, अभ्यंग, शिरोधारा, फूट रिफ्लेक्सॉलॉजी. दरपत्रकावर मिनिटं आणि रुपये असतात. कुठल्या दुखण्याला काय चालतं आणि कुणी त्या टेबलावर झोपूच नये, हे मात्र तिथे नसतं. ते खाली दिलं आहे.

मसाजने शरीरात नेमकं काय होतं?

त्वचेत आणि स्नायूंत स्पर्श, दाब आणि ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. हाताचा दाब सुरू झाला की त्यांचे संदेश मज्जारज्जूकडे धावतात आणि वेदनेचे संदेश तिथे काही प्रमाणात मागे पडतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेला सिद्धांत हाच. कोपर दाराला आपटलं की आपण न ठरवता ते चोळायला लागतो, त्यामागेही हेच आहे. शिवाय संथ, एका लयीतल्या स्पर्शाने श्वास खोल होतो, नाडी मंदावते आणि आवळून धरलेला स्नायू सैल सोडला जातो.

म्हणजे मसाज स्नायूतलं काही तोडत नाही, फोडत नाही किंवा मणका जागेवर बसवत नाही. तो वेदना आणि ताण काही तास ते दोन-तीन दिवस खाली आणतो. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा कंबरदुखीवरच्या अभ्यासांचा २०१५ चा आढावाही साधारण हेच सांगतो: फायदा दिसतो तो थोड्या काळापुरता, आणि त्यामागचा पुरावाही फार भक्कम नाही. म्हणून आमचा आग्रह असा, की त्या हलक्या झालेल्या दोन-तीन दिवसांत चालणं, ताण देण्याचे व्यायाम आणि बसण्याची सवय बदलणं सुरू करा. नुसतं मसाजवर विसंबलं तर पुढच्या आठवड्यात दुखणं तिथेच असतं.

मसाजने ‘टॉक्सिन्स’ बाहेर पडतात का? चरबी वितळते का?

दोन्ही नाही. शरीरातला कचरा यकृत आणि मूत्रपिंडं बाहेर टाकतात, पोटऱ्या चोळून तो निघत नाही. व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट हे द्रव्यही तासा-दीड तासात आपोआप कमी होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे. चरबीच्या पेशी दाबाने कमी होत नाहीत. ‘दहा बैठकांत पोट कमी’ असं सांगून पॅकेज विकणाऱ्याकडून उठून यावं. मसाजनंतर तहान लागली तर पाणी प्या, पण ‘विष धुऊन निघावं’ म्हणून दोन-तीन लिटर पिण्याची गरज नाही.

स्वीडिश मसाजमध्ये काय काय करतात?

तेल लावून करायचा हा सर्वांत सौम्य आणि पहिल्यांदा येणाऱ्याला सगळ्यात सोयीचा प्रकार. नाव स्वीडिश, आणि श्रेयही अनेकदा स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं. पण त्यातल्या हस्तक्रियांची आजची नावं डच डॉक्टर योहान गेओर्ग मेझगर यांच्या परंपरेतून आली आहेत. क्रिया पाच: लांब सरकवणं, कणकेसारखं मळणं, अंगठ्याने किंवा तळव्याने घासणं, थोपटणं आणि कंप देणं. हातापायांवर सरकवताना दाब हृदयाच्या दिशेने द्यायचा, परत येताना हात नुसता टेकलेला ठेवायचा.

तासाभराच्या पूर्ण अंगाच्या मसाजला २० ते ३० मिली तेल पुरतं. कमी पडलं तर केस ओढले जाऊन नंतर पुरळ उठतं, जास्त झालं तर हात घसरतो आणि मळण्याची क्रिया जमतच नाही. झोप नीट न लागणं, मनावरचा ताण, सर्वसाधारण अंगदुखी यांसाठी हा पुरेसा आहे. अरोमा मसाज म्हणजे बहुतेक वेळा हाच मसाज, सुगंधी तेल मिसळून. सुगंधी तेलाचं प्रमाण १ ते २ टक्के असावं: ३० मिली साध्या तेलात ६ ते १२ थेंब. थेट त्वचेवर लावलं तर आग होते, आणि दमा असलेल्यांना वासानेही त्रास होऊ शकतो.

डीप टिश्यू म्हणजे जितका जोर तितका फायदा का?

सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होतं. डीप टिश्यूमध्ये दाब खोल असतो, पण तो हळूहळू उतरवायचा असतो. आधी आठ-दहा मिनिटं हलक्या हाताने स्नायू ऊबदार करायचा, मग मुठीची पेरं, अंगठा किंवा कोपर टेकवून अगदी संथ सरकायचं. थंड, आखडलेल्या स्नायूवर एकदम कोपर रोवला तर तो बचावासाठी आणखी आवळतो. मग मालिश करणारा जोर वाढवतो, स्नायू पुन्हा आवळतो, आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

दुखण्याची ० ते १० अशी मोजपट्टी मनात धरा. ‘दुखतंय पण बरं वाटतंय’ ही अवस्था साधारण ५-६ वर असते. ७ च्या पुढे जाऊ देऊ नका. श्वास अडणं, मुठी वळणं, पायाची बोटं आक्रसणं या खुणा आधीच सांगतात की दाब जास्त झाला आहे. तोंडाने ‘थांबा’ म्हणायला संकोचू नका. दुसऱ्या दिवशी थोडं दुखणं ठीक, ते ४८ तासांत निवळतं. निळे-काळे डाग म्हणजे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्याची खूण आहे. त्यावरून मसाज चांगला झाला असं मानू नका.

काही जागांवर खोल दाब कधीच नको: गळ्याची पुढची आणि बाजूची बाजू, काखेचा खळगा, कोपराच्या आतली घडी, जांघ, गुडघ्याची लवण, शेवटच्या फासळ्यांखालचा मूत्रपिंडांचा भाग आणि मणक्याची हाडं. या ठिकाणी रक्तवाहिन्या, मज्जातंतू किंवा अवयव फार वर असतात.

मानेत आणि खांद्यात ‘गाठ’ लागते, ती काय असते? घरी सोडवता येते का?

ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातात मोबाईल, पाठीवर लॅपटॉपची सॅक, आणि मग ऐरोली-महापेला आठ तास खुर्चीत. अशा दिनक्रमात मान आणि खांद्याच्या मधला स्नायू तासन्‌तास थोडासा आवळलेला राहतो. त्यात दाबल्यावर दुखणारा कडक पट्टा तयार होतो, आणि कधी कधी त्याची कळ दूर जाते: मानेच्या गाठीची कानामागे, खांद्याच्या पात्याजवळची दंडात. या ठिकाणांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा जागांचे आणि त्यांच्या कळांचे तपशीलवार नकाशे केले. गाठीच्या आत नेमकं काय घडतं याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. दाबाने आराम पडतो हा अनुभव मात्र नेहमीचा.

घरी करण्यासाठी टेनिसचा चेंडू आणि एक लांब मोजा पुरतो. चेंडू मोज्यात टाका, मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे धरा म्हणजे चेंडू घरंगळत नाही. भिंतीला पाठ लावा, पाय भिंतीपासून एक पाऊल पुढे. चेंडू मणका आणि खांद्याचं पातं यांच्या मध्ये यायला हवा, मणक्यावर कधीच नाही. गुडघे थोडे वाकवून दुखरी जागा शोधा, सापडली की थांबा. दुखणं १० पैकी ५ एवढं ठेवून ३० ते ४५ सेकंद दाब धरा, श्वास सोडत राहा. दुखणं उतरायला लागलं की पुढची जागा. एका वेळी दोन-तीन जागा, दिवसातून एकदा. त्यानंतर लगेच खांदे दहा वेळा गोल फिरवा आणि हनुवटी मागे ओढून दहा वेळा मान सरळ करा. ही शेवटची दोन मिनिटं टाळली तर निम्मा फायदा जातो.

हातात मुंग्या आल्या किंवा कळ बोटांपर्यंत गेली तर चेंडू मज्जातंतूवर आहे, जागा बदला. सुरुवातीलाच क्रिकेटचा कडक चेंडू घेऊ नका. टाच दुखत असेल तर अर्धा लिटरची पाण्याची बाटली गोठवून तिच्यावर तळपाय पाच मिनिटं मागेपुढे फिरवा. काचेची नको.

घरी अभ्यंग कसा करावा? दिवाळीपुरताच ठेवायचा का?

नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून आपण जे करतो ते अभ्यंगच, पण आयुर्वेद तो रोज करायला सांगतो. अष्टांगहृदयात डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर आहे, आणि कफाचा विकार, अजीर्ण किंवा नुकतंच पंचकर्मातलं शोधन झालं असेल तर अभ्यंग करू नये, असंही त्यात म्हटलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर छातीत कफ भरलेला असताना किंवा पोट बिघडलेलं असताना अभ्यंग नको. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या.

तेल प्रौढ माणसाला ५० ते ६० मिली. थंडीत तिळाचं, एप्रिल-मेच्या उकाड्यात ज्यांना उष्णता होते त्यांनी खोबरेल घ्यावं. तेल थेट गॅसवर तापवू नका. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, सुखद ऊब लागली पाहिजे. जुन्या चटईवर किंवा प्लास्टिकच्या पाटावर बसा. टाळूपासून सुरुवात, मग कानांची पाळी आणि कानामागे, मान, खांदे, हात, छाती, पोट, पाठ, पाय. लांब हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोल. पोटावर घड्याळाच्या दिशेने, हलक्या हाताने. तळपायांना दोन-दोन मिनिटं. एकूण १५ ते २० मिनिटं लावायला आणि तेवढीच तेल अंगावर मुरू द्यायला. मग कोमट पाण्याने आंघोळ. जादाचं तेल उटण्याने किंवा बेसनाने काढा, साबण फार घासू नका.

या सगळ्यात होणारा खरा अपघात म्हणजे घसरणं. फ्लॅटच्या बाथरूममधल्या गुळगुळीत टाइल्सवर तेलकट पाय म्हणजे मनगटाचं किंवा खुब्याचं हाड मोडायला निमित्तच. बाथरूममध्ये जाण्याआधी तळपाय कोरडे पुसा, आणि घरात वयस्क माणूस असेल तर आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल द्या. कानात तेल घालू नका, पडद्याला भोक असेल तर ते आत जाऊन संसर्ग होतो.

रोज सकाळी ७:५२ ची लोकल पकडणाऱ्याला पूर्ण अभ्यंग जमणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. आठवड्यातून एकदा पूर्ण, आणि रोज रात्री चमचाभर तेल तळपायांना लावून सुती मोजे, एवढं तरी करावं.

शिरोधारा, पोटली, उद्वर्तन यांत फरक काय?

शिरोधारेत कपाळावर कोमट तेलाची सलग धार साधारण ३० ते ४५ मिनिटं सोडतात. धारपात्र कपाळापासून चार अंगुळं वर, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. त्याहून उंच गेलं तर धार टोचते. दीड ते दोन लिटर तेल लागतं, ते खाली गोळा करून पुन्हा गरम करून वर घातलं जातं. डोळ्यांवर कापूस आणि पट्टी, मानेखाली आधार. अस्वस्थता आणि झोपेच्या तक्रारींसाठी लोक येतात आणि बहुतेकांना धार चालू असतानाच डुलकी लागते. तुम्ही विचारायचा प्रश्न एकच: हे तेल माझ्यासाठी नवीन आहे का? दुसऱ्याच्या डोक्यावरून आलेलं तेल वापरलं जात असेल तर नको म्हणा. नंतर लगेच बाईकवर किंवा एसी डब्यात जाऊ नका. अर्धा तास बसा, डोकं पुसून गुंडाळा.

पत्रपोटलीसाठी निर्गुंडी, एरंड, शेवगा, चिंच यांची पानं चिरून, खोबरं आणि लिंबाच्या फोडींसह तेलात परततात आणि सुती कापडात बांधतात. एका पोटलीत साधारण पाव किलो माल. दोन पोटल्या आळीपाळीने: एक अंगावर, एक तव्यावर. आखडलेली कंबर, गुडघे, गोठलेला खांदा (फ्रोझन शोल्डर) यांना ऊब आणि दाब एकत्र मिळतो. प्रत्येक वेळी पोटली आधी स्वतःच्या हातावर टेकवून पाहणारा माणूस हवा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना भाजलेलं कळत नाही, त्यांच्या पायांवर गरम पोटली किंवा हॉट स्टोन (गरम दगडांचा मसाज) दोन्ही नकोत. हॉट स्टोनचे दगड पाण्यात ५०-५५ अंशांवर असतात. ते सतत हलते ठेवायचे असतात. उघड्या त्वचेवर एकाच जागी ठेवून दिले तर फोड येतात.

उद्वर्तन कोरड्या चूर्णाने, कुळीथ किंवा त्रिफळा वगैरे, केसांच्या उलट दिशेने. त्वचा मऊ होते, अंग हलकं वाटतं. वॅक्सिंगनंतर दोन दिवस आणि खरचटलेल्या त्वचेवर नको.

थाई मसाज आणि शियात्सु?

दोन्ही कपड्यांवरून, तेलाशिवाय, जमिनीवरच्या गादीवर. ज्यांना कपडे काढायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी सोयीचे. थाईमध्ये अंगठे, तळवे, गुडघे यांनी दाबत दाबत तुमचे हातपाय योगासनांसारखे ताणतात. ‘नुआड थाई’ला युनेस्कोने २०१९ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. बैठ्या कामाने आखडलेल्या तरुण माणसाला छान, पण मणक्याची चकती सरकलेली असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा सांधा बदललेला असेल तर ते ताण धोक्याचे आहेत. पाठीवर उभं राहून चालणं तर कुणावरच नको. शियात्सु जपानी, बोटांचा स्थिर, सरळ दाब, ताणणं कमी.

तळपायाच्या रिफ्लेक्सॉलॉजीने किडनी, लिव्हर सुधारतात का?

नाही. तळपायावरचा तो रंगीत नकाशा आणि आतले अवयव यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, आणि अमुक ठिकाणी दुखलं म्हणून अमुक अवयव बिघडला असं निदानही करता येत नाही. पाय दाबून घेण्याचं सुख आणि शांत झोप हा फायदा मात्र खरा आहे, तेवढ्यासाठी जरूर करा.

शस्त्रक्रियेनंतर हात सुजला आहे. लिम्फ ड्रेनेज म्हणजे काय?

स्तनाच्या कॅन्सरवरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या रसग्रंथी (लिम्फ नोड्स) काढल्या किंवा तिथे किरणोपचार दिले, तर हातातलं द्रव वर वाहून जायला अडतं आणि हात जड होतो. खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र असल्याने नवी मुंबईत हा प्रश्न वरचेवर येतो. डेन्मार्कच्या एमिल वोडर यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत दाब इतका हलका असतो की फक्त त्वचा सरकते, खालचा स्नायू दबत नाही. आधी मान आणि धड मोकळं करायचं, मग दंड, मग पुढचा हात. म्हणजे पाणी जाण्यासाठी वरची वाट आधी उघडायची. त्यासोबत दाबपट्टी किंवा स्लीव्ह, व्यायाम आणि त्वचेची काळजी हवीच. हे काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचं आहे, तेही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून. अशा हातावर साधी जोरकस मालिश करून घेऊ नका. हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो संसर्ग असू शकतो. मसाज बंद, त्याच दिवशी डॉक्टर.

सलूनमध्ये चंपी करून मान ‘मोडून’ घेतली तर?

चंपी जरूर करा. इंग्रजीतला ‘शॅम्पू’ हा शब्दसुद्धा चंपीवरून गेला. बिहारचे शेख दीन मोहम्मद यांनी १८१४ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनला चंपीचं स्नानगृह काढलं होतं. पण शेवटी हनुवटी आणि डोकं धरून दिलेला तो झटका नको. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या जातात. झटक्याने त्यांचा आतला थर फाटला तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, तोही तरुण माणसाला. ‘कट’ असा आवाज म्हणजे सांध्यातल्या द्रवात बुडबुडा होण्याचा आवाज, त्यातून काही जागेवर बसत नाही. खुर्चीत बसतानाच सांगा: “दादा, मान मोडू नका.” वॉश बेसिनवर मान फार मागे टाकून बराच वेळ ठेवणंही टाळा, अमेरिकेत १९९३ साली त्यावरून झालेल्या पक्षाघातांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. मसाजनंतर कधीही न झालेली अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, दोन दोन दिसणं, बोलताना अडखळणं असं काही झालं तर थेट इस्पितळ.

उसण भरली, पाय मुरगळला, तर चोळावं का?

कंबरेत उसण भरली असेल तर पहिल्या दोन दिवसांत गरम शेक, हळूहळू चालणं आणि हलका हात. तिथे रगडायचं नाही. छातीच्या डाव्या बाजूला ‘उसण’ असेल तर आधी नीट पाहा: घाम, दम लागणं, कळ डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाणं. यातलं एक जरी असलं तरी बाम लावत बसू नका, ईसीजी काढा. मालिश करता करता घालवलेला तास हृदयाच्या झटक्यात परत मिळत नाही.

घोटा मुरगळला की पहिले ४८ ते ७२ तास चोळणं पूर्ण बंद. आतले फाटलेले तंतू आणि रक्तवाहिन्या चोळल्याने सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढा. हाड मोडलेलं असताना ‘बसवून’ घ्यायला गेलेले पाय पुढे कायमचे वाकडे राहतात.

बाळ-बाळंतिणीची मालिश: काय ठेवायचं, काय सोडायचं?

मालिशवाल्या मावशी हा आपल्याकडचा मोठा आधार आहे, आणि बाळाला हळुवार मालिशीचा फायदा होतो: झोप लागते, आईचा स्पर्श मिळतो. तेल ५ ते १० मिली, खोबरेल. मोहरीचं तेल नवजात त्वचेला चुरचुरतं आणि तिचा बाहेरचा थर कमकुवत करू शकतं. दूध पाजून पाऊण तास झालेला असावा, पंखा बंद, मावशींच्या अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, नखं कापलेली. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. बाळ रडून विरोध करत असेल तर थांबायचं. वजन कमी असेल किंवा बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करा.

आता जे सोडायचं ते. नाकात, कानात, बेंबीत तेलाचे थेंब नकोत. नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. नाक दाबून सरळ करणं, डोकं गोल करणं, पाय धरून उलटं लोंबकळवणं बंद. बाळाच्या छातीत गाठीसारखं लागलं म्हणून पिळून दूध काढायचं नाही. आईच्या हार्मोन्समुळे आलेली ती सूज आपोआप जाते, पिळली तर पू होतो. मऊ त्वचेवर बेसनाचं घासणं नको. बंद खोलीत धुरीही नको, इवल्याशा फुप्फुसांना धूर सोसत नाही.

बाळंतिणीसाठी पाठ, खांदे, पाय यांना कोमट तेलाने मालिश उत्तम. सिझेरियन झालं असेल तर टाके भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला हात लावू द्यायचा नाही. शेगडी खाटेखाली ठेवून शेक घेणं भाजण्याचं आणि धुराचं कारण ठरतं. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून घ्या. एकच पाय सुजला, पोटरी गरम आणि दुखरी असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. बाळंतपणानंतर काही आठवडे हा धोका वाढलेला असतो. असा पाय कुणालाही चोळू देऊ नका.

गरोदरपणात?

डॉक्टरांची हरकत नसेल तर कुशीवर झोपवून, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी देऊन, हलका मसाज चालतो. पाच महिन्यांनंतर बराच वेळ उताणं झोपवायचं नाही. पोटऱ्यांवर खोल दाब नको.

वर्षा मॅरेथॉनच्या आधी-नंतर मसाज कधी घ्यावा?

ठाण्याची वर्षा मॅरेथॉन असो की पाम बीच रोडवरची रविवारची लांब धाव, खोल मसाज धावण्याच्या आधीच्या दोन दिवसांत घेऊ नका, पाय जड राहतात. सकाळी हवाच असेल तर दहा मिनिटं झपाझप, हलका. धावून झाल्यावर आधी दहा मिनिटं चालणं, पाणी, काहीतरी खाणं. मग दहा-पंधरा मिनिटं हलका हात. जोरकस मसाज तिसऱ्या दिवसानंतर. पोटरीत गोळा आला तर तो आधी रगडायचा नाही: गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा स्वतःकडे ओढा, २०-३० सेकंद धरा.

मसाज कुणी टाळावा?

ताप, अंगावर संसर्गजन्य पुरळ किंवा गजकर्ण, पायातल्या शिरेत गुठळी, ताजं हाड मोडणं, ताजी शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब: या अवस्थांत मसाज नकोच. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, व्हेरिकोज व्हेन्स किंवा कॅन्सरचे उपचार असतील तर फक्त हलका, आणि डॉक्टरांना विचारून. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेच्या आतल्या भागाला बधिरपणा येणं किंवा पाऊल उचलता न येणं म्हणजे तातडीची वेळ आहे. तेव्हा मसाजची अपॉइंटमेंट नाही, तर कॅज्युअल्टी गाठायची.

किती वेळा घ्यावा? अर्धा तास पुरतो का?

जुनाट मानदुखीवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आठवड्यातून दोन-तीनदा तासाभराचा मसाज चार आठवडे घेतलेल्यांना स्पष्ट फायदा झाला. अर्ध्या तासाच्या बैठकांचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. एवढं सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही. आमचं मत: दुखणं ठरावीक जागचं असेल तर पूर्ण अंगाचा तास घेण्यापेक्षा तोच तास मान-खांद्यांना किंवा कंबर-नितंबांना द्या. तीन-चार बैठकांनी काहीच फरक पडला नाही तर पाचवी घेऊ नका, निदान करून घ्या.

चांगलं ठिकाण कसं ओळखायचं?

आत गेल्यावर आधी तुमची तब्येत विचारली गेली पाहिजे: औषधं, शस्त्रक्रिया, गरोदरपण, अॅलर्जी. न विचारता थेट टेबल दाखवलं तर तिथूनच परत फिरावं. चादर आणि टॉवेल प्रत्येकासाठी धुतलेले, मसाज चालू असलेला भागच उघडा, बाकी अंग झाकलेलं. स्त्री की पुरुष थेरपिस्ट हवा हे ठरवण्याचा आणि मधेच थांबवण्याचा हक्क तुमचा. ‘तासाचं’ पॅकेज विचारताना प्रत्यक्ष हात किती मिनिटं, हे विचारून घ्या. कपडे बदलणं आणि आंघोळ धरून अनेकदा ४५ मिनिटंच उरतात. एकदम दहा बैठकांचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका.

स्पा थेरपिस्टकडे ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं प्रमाणपत्र असू शकतं. ते आरामाच्या मसाजला ठीक. आजार असेल तर वैद्यांकडे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची, आणि फिजिओथेरपिस्टकडे राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का पाहा. नेरूळ आणि कामोठ्याच्या वैद्यकीय संकुलांत फिजिओथेरपी महाविद्यालयं आहेत, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं.

टेबलावरून उठताना काय काळजी घ्यायची?

पटकन उठू नका. बराच वेळ पडून राहिल्यावर रक्तदाब खाली आलेला असतो. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, दोन मिनिटं बसा, मग उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांजवळ त्या वेळी कुणीतरी उभं असावं. फार जोरकस मसाजनंतर लघवी चहासारखी गडद झाली तर स्नायूंना मोठी इजा झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात तेल आणि टॉवेल यांचं काय करायचं?

जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत अंगावर तेल ठेवून घट्ट सिंथेटिक कपडे घातले तर जांघेत, काखेत नायटा उठतो. तेल मुरवून आंघोळ करा, घड्या कोरड्या करा, सुती कपडे घाला. तेल २००-२५० मिलीच्या गडद बाटलीत, गॅसपासून लांब ठेवा. एकदम लिटरभर आणलं तर अर्ध्यावर खवट होतं. रंगासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला की ते तेल गेलं समजा. वाटीतलं उरलेलं तेल परत बाटलीत ओतू नका, हाताला लागलेलं पाणी त्यात गेलेलं असतं. मालिशीचा टॉवेल वेगळा ठेवा, आणि गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास भिजवल्यावरच मशीनला लावा.